बिनगाडीचा विमा

माझ्याकडे गाडी नाही. सायकलसुद्धा नाही. तरी तीन वर्षं होत आली, मी दर महिन्याला गाडीच्या विम्याचा हप्ता भरतोय. हे ज्याला कळलं त्याने माझ्याकडे असं बघितलंय, की जणू मी कुणाची तरी कोंबडी काखेत दाबून चाललोय. गाद्यांच्या कारखान्यात माझ्याबरोबर शिलाईवर बसणारे तर रोज नवा शोध लावतात. एक म्हणतो, लॅव्हॉनने कुठेतरी गाडी लपवलीय. दुसरा म्हणतो, बाई ठेवलीय आणि गाडी तिच्या नावावर आहे. तिसरा सरळ तोंडावर म्हणाला, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! आधी गाडी घे रे, मग विमा काढ."

मी कुणाला काही सांगत नाही. सांगायचं काय? बायको गेली, रोशेल माझी, आणि त्यानंतरचं वर्ष मी बाटलीत घालवलं. एका संध्याकाळी पिऊन गाडी चालवली ती थेट चर्चच्या कुंपणात घुसवली. मागच्या सीटवर आमची टालिया होती. तिला ओरखडासुद्धा उठला नाही, पण कोर्टाने जे करायचं ते केलं. लायसन्स गेलं, गाडी गेली, पोरगी आजीकडे गेली. जज्जाने चष्म्यावरून बघत मला सुनावलं, "लायसन्स परत मिळव, तीन वर्षं ते एकदाही न गमावता सांभाळ, मग माझ्यासमोर ये. तेव्हा पोरीचं बघू." तेव्हापासून दारूला हात लावलेला नाही, आणि ह्या हप्त्याला खाडा पडू दिलेला नाही.

विमा काढून दिला डीकन परसेलने. आमच्या केलर्टन गावात विम्याचं एवढं एकच दुकान, न्हाव्याच्या शेजारी. आणि हाच परसेल रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावरचा मानकरी. म्हणजे गावाची पापं एका खोलीत ऐकायची आणि गावाच्या प्रार्थना दुसऱ्या खोलीत.

"हा विमा गाडीचा नाही रे बाबा, तुझा आहे," तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता. "अडीनडीला कुणाची गाडी मागून चालवलीस आणि कुणाला ठोकलंस, तर त्या ठोकलेल्याचं बघणारा हा विमा. सरकार तुला लायसन्स परत देतंय ते ह्याच बोलीवर. तीन वर्षं पॉलिसी एक दिवससुद्धा तुटता कामा नये. तुटली की कंपनी सरकारला कळवते, लायसन्स जप्त, आणि तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून."

"तुटते कशाने?"

"हप्ता चुकवलास तर. आणि दुसरं, ज्या छपराखाली तू झोपतोस त्या दारात कुणाची गाडी उभी नको. भावाची नको, आईची नको, सासूची नको. घरची गाडी म्हणजे मनात येईल तेव्हा चालवायची गाडी. तिथे ही पॉलिसी चालत नाही. मग त्या गाडीच्याच विम्यात तुझं नाव घालायचं, आणि पिऊन ठोकणाऱ्याचं नाव घातल्यावर हप्ता किती होतो ते ऐकशील तर इथेच घाम फुटेल तुला."

म्हणून मी खोली घेतली ती कपडे धुवायच्या दुकानावर. दुकानाची मालकीण म्हातारी, एकटी, ती बसने फिरते. लोक खोली बघताना भिंतीला ओल आहे का ते बघतात. मी दारात गाडी आहे का ते बघितलं.

आता फक्त थोडेच आठवडे राहिले होते. आणि नेमकी तेव्हाच माझी सासू गोड बोलायला लागली.

माझी सासू म्हणजे मिस अर्लीन बकनर. सगळं गाव तिला मिस अर्लीनच म्हणतं, मीही. बाई ताठ. सासऱ्यांनी मागे ठेवलेली मरून रंगाची लांबलचक गाडी ही तिची शान. चर्चच्या आवारात दारासमोरची जागा तिचीच, दुसऱ्या कुणी तिथे गाडी लावली तर पाद्रीबाबा मधेच प्रवचन थांबवतील. कोर्टात तिने माझ्याबद्दल जे तोंड सोडलं होतं, ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. तीन वर्षं मी दर रविवारी तिच्याकडे जेवायला जातो, पोरीला भेटायला. तीन वर्षांत बाईने मला कधी सोफ्यावरची उशीसुद्धा सरकवून दिलेली नाही.

त्या रविवारी मी वळणावर आलो तर व्हरांड्यात ती आणि परसेल. डोक्याला डोकं लावून कुजबुज चाललेली. माझ्या बुटांचा आवाज आला तशी दोघं एकदम गप्प. परसेलने टोपी डोक्यावर चढवली, "काय लॅव्हॉन, थंडी पडायला लागली" म्हणाला आणि तरातरा निघून गेला. थंडी! घामाने त्याची कॉलर भिजली होती.

तेवढ्यात माझी नजर गाडीवर गेली. पुढच्या चाकावरचा पत्रा चांगला वाटीएवढा आत गेलेला.

"दुकानाबाहेर कुणीतरी ठोकून गेलं," मिस अर्लीन म्हणाली.

मी विचारलं नव्हतं. विचारायच्या आत उत्तर देणारा माणूस कसा असतो ते मी चांगलं ओळखतो, पिण्याच्या दिवसांत मी स्वतः तसाच होतो. आत हात धुताना टालियाला हळूच विचारलं, "काय गं, आजीच्या गाडीला काय झालं?"

पोरीने ओठ आवळले. "आजीने सांगितलंय बोलायचं नाही."

माझं डोकंच फिरलं. नऊ वर्षांच्या पोरीला बापापासून चोरून ठेवायला शिकवतात! पण मी गिळलं सगळं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो, मी तर आता पाणीही फुंकून पीत होतो.

जेवणात तळलेली कोंबडी, हिरवी पालेभाजी, मक्याचा पाव. मिस अर्लीनने माझ्या ताटात स्वतःच्या हाताने मोठा तुकडा वाढला. तिथेच मला समजायला हवं होतं. मग म्हणते कशी, "लॅव्हॉन, तू इकडेच राहायला का येत नाहीस? मागची खोली रिकामीच पडलीय."

माझा घास हातातच राहिला.

"कोण, मी?"

"नाही, दारातला पोस्टमन," ती म्हणाली. "तूच! दुसरा कोण बसलाय इथे?"

टालिया खुर्चीवरून उडालीच. "ये ना बाबा! ये ना! माझ्या शेजारची खोली आहे!"

आता बोला. नाही म्हणावं तर पोरीसमोर मी वाईट. हो म्हणावं तर त्या दारात ती मरून रंगाची गाडी उभी, आणि माझी पॉलिसी फुकट, लायसन्स फुकट, तीन वर्षं फुकट. पोरगी कायमची आजीची. मी नुसतं "बघू" म्हणालो. बाई थांबेल तर शपथ.

"बघू काय? तुझ्या पोरीपेक्षा ती धुलाईवाली जास्त झाली का?"

"मिस अर्लीन, विषय नको आज."

"नेहमी आजच नको असतो तुझा विषय."

जेवण झालं, बाहेर पाऊस भुरभुरायला लागला, अंधारून आलं. तशी तिने खुंटीवरची किल्ली काढली आणि माझ्यासमोर धरली. "ताक संपलंय, उद्या पावाला लागेल. गाडी घेऊन जा आणि घेऊन ये."

तीन वर्षांत ती किल्ली तिने मला दाखवलीसुद्धा नव्हती. आणि समोरच्या घरात खिडकीशी मिसेस टब्स बसलेली, गावाचा दुसरा पेपर. मी ती गाडी रस्त्यावर काढली की ती शपथेवर सांगायला मोकळी, की हो, जावई सासूची गाडी हवी तेव्हा चालवतो. वर पत्र्याला पडलेला तो खळगाही माझ्याच नावावर.

"मला चालायला आवडतं," मी म्हणालो.

"पावसात?"

"पावसात तर फारच."

हायवेपर्यंत चालत गेलो, ताकाची बाटली घेऊन चालत आलो. बुटात पाणी, मानेत पाणी. दारात उभा राहिलो तेव्हा ती म्हणाली, "वेडा आहेस का रे तू?" पण म्हणताना तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या कानाशेजारी, दाराच्या चौकटीकडे बघून बोलत होती. मी मनात म्हटलं, नजरेला नजर देववत नाही ना? देववणार कशी! पाणी कुठेतरी मुरतंय, आणि ते माझ्याच पायाखाली मुरतंय.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून सुटलो तो थेट परसेलच्या दुकानात.

"मिस अर्लीनला काय सांगितलंस?"

परसेलने पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "हे बघ लॅव्हॉन, ती माझी गिऱ्हाईक आहे, तूही आहेस."

"डीकन, मी प्यायचं सोडलंय. मारायचं सोडलंय असं कुणाला म्हणालेलो नाही."

"अरे, बस बस." त्याने घाम पुसला. "तिने विचारलं, लॅव्हॉन माझ्या घरी राहायला आला तर त्याची पॉलिसी राहील का. मी म्हटलं, दारात गाडी असेल तर नाही राहणार. एवढंच."

"हे कधी विचारलं?"

"रविवारी. तू आलास त्याच्या आधीच."

मी खुर्चीवर बसलो. म्हणजे बाईला माहीत होतं! माझी पॉलिसी कशाने तुटते ते तिने आधी नीट विचारून घेतलं, आणि मग मला कोंबडी वाढून राहायला ये म्हणाली. तासाभरात! एवढा पाताळयंत्री डाव तर कोर्टातल्या वकिलालाही सुचला नसता.

"अजून काय विचारलं?"

"अजून एक गोष्ट विचारली. ती मी सांगणार नाही."

"माझ्याबद्दल होती?"

"तिलाच विचार ना, बाबा. अरे, तुझी सासू आहे ती."

"म्हणूनच तर!" मी म्हणालो आणि दार आपटून निघालो.

रात्रभर मी तेच तेच घोळवत राहिलो. मग ठरवलं, तिने डाव टाकला ना, आपणही टाकू. तो पत्र्याचा खळगा. कुणीतरी ठोकून गेलं म्हणे! मग पोरीला गप्प का बसवलं? त्या गाडीत रोज माझी पोरगी बसते. वकिलाला एवढं सांगितलं तरी पुरे, आजी कशी गाडी चालवते ते जज्जच तिला विचारेल. खरं सांगतो, त्या विचाराने मला बरं वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याही हातात काहीतरी दगड आला होता.

बुधवारी सुट्टी टाकली आणि दुपारी तिच्या घरी गेलो. वकिलाकडे जायच्या आधी एकदा तोंडावर विचारायचंच होतं.

दारात गाडी नव्हती.

सिमेंटवर तेलाचे काळे डाग तेवढे होते. लपवली! गाडी लपवून ठेवायची, आणि जावयाने पळवली म्हणून पोलिसांना फोन करायचा. मिसेस टब्स तिकडे खिडकीत होतीच साक्षीला. मी पायऱ्या चढून दारावर थाप मारली ती अशी, की काचा वाजल्या.

"गाडी कुठंय?"

"आधी आत ये. ओरडतोस काय, मिसेस टब्सच्या कानात दडे बसतील."

"गाडी कुठंय, मिस अर्लीन?"

"विकली."

"कुणाला?"

"परसेलच्या पुतण्याला. काल घेऊन गेला. तिची किंमत किती येईल तेच तर परसेलला विचारत होते रविवारी. तुला काय वाटलं, मी आणि परसेल ह्या वयात लग्न करतोय?"

"खोटं आहे. उद्या पोलिसांना सांगाल की मी पळवली."

ती हसली. हसणं कसलं, खाकरल्यासारखं काहीतरी. "तू पळवणार? भर पावसात हायवेपर्यंत पायी गेलास, पण किल्लीला बोट लावलं नाहीस. असला चोर मी जन्मात बघितला नाही."

"डीकनने सगळं सांगितलंय मला. मी इथे राहायला आलो की माझी पॉलिसी गेली, हे कळल्यावरच मला बोलावलंत. हो की नाही?"

"हो. कळल्यावरच."

इतकं सरळ हो म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. मी ठरवून आणलेलं पुढचं सगळं भांडण वाया गेलं.

"दारात गाडी असेल तर राहता येत नाही ना तुला?" ती म्हणाली. "मग आता नाहीये गाडी. आता तुझं काय अडतंय ते सांग."

"पण का? सासऱ्यांची गाडी होती ती. चर्चमध्ये त्या जागेवर..."

"जागेला काय करायचंय? जागा काय पोरीला शाळेत नेऊन सोडणार आहे?"

तिने खुर्चीसाठी हात मागे केला. हात हवेत फिरला, मग खुर्चीच्या पाठीला लागला, आणि ती बसली. तेव्हा कुठे मला काहीतरी वेगळंच आहे असं वाटायला लागलं.

"डोळे चाललेत माझे, लॅव्हॉन. मधोमध काही दिसत नाही आता. कडेकडेचं दिसतं. तुझं तोंड बघायचं तर मला तुझ्या कानाकडे बघावं लागतं. डॉक्टर म्हणाला, वाढतच जाणार. गाडी चालवू नका म्हणाला, ते उन्हाळ्यातच म्हणाला होता."

"आणि तुम्ही चालवलीत?"

"चालवली. रस्ता पाठ होता. वळणं पाठ होती. मला वाटलं, निभेल अजून थोडे दिवस. जज्जाला कळलं आजी आंधळी होतेय, तर पोरगी कुणाकडे जाईल? तुझी तीन वर्षं भरायची होती अजून. सरकारी माणसं आली असती आणि परक्याच्या घरी नेऊन ठेवली असती तिला."

मिसेस टब्सला ऐकू जाऊ नये म्हणून मी दार लावून घेतलं.

"मग गेल्या आठवड्यात, शाळा सुटायच्या वेळी, गाड्यांच्या रांगेत होते. रस्ता ओलांडून देणारी बाई शिट्टी फुंकत होती, ती ऐकू आली. पण समोर काही दिसत नव्हतं. एकदम काहीतरी पिवळं हललं कडेला. मी ब्रेक दाबला, चाक वळवलं, गाडी खांबाला जाऊन आदळली. मला वाटलं, कुत्रं असेल." तिने हातातला रुमाल घट्ट पिळला. "मग दार उघडून आत आली ती. पिवळा कोट घालून. म्हणते, आजी, मी केव्हाची हात हलवत होते, तुला दिसले नाही का गं?"

मला एकदम इतकी लाज वाटली, की बसावं का उभं राहावं तेही कळेना. रविवारपासून मी ह्या बाईविरुद्ध दगड गोळा करत होतो, आणि तोच खळगा माझ्या वकिलाच्या टेबलावर नेऊन ठेवणार होतो.

"रविवारीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू वकिलाकडे धावला असतास. नसतास धावला?"

"धावलो असतो," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

"मला ठाऊक होतं. म्हणून आधी गाडी विकली. आता धाव. तू पोरीला घेऊन कुंपणात घुसलास तेव्हा मी कोर्टात तुला काय काय बोलले, ते सगळं आता मलाच लागू आहे. जा, सांग जज्जाला. तुला पोरगी लगेच मिळेल की नाही मला माहीत नाही, पण माझ्याकडे ती राहणार नाही एवढं नक्की." तिने तोंड वर केलं आणि माझ्या कानाकडे बघितलं. "नाहीतर तुझे कपडे घेऊन ये. खोली झाडून ठेवलीय."

माझे डोळे भरून आले. ह्या बाईसमोर रडायचं नाही अशी शपथ मी कोर्टाच्या पायऱ्यांवर घेतली होती, ती तिथल्या तिथे मोडली. तिला ते दिसलं नाही, एवढीच माझी अब्रू वाचली.

"आज टालियाला कोण आणणार?" मी विचारलं.

"काल मिसेस टब्सने आणलं. आज तिचं गुडघ्याचं दुखणं आहे."

"मी जातो. शाळा किती वाजता सुटते?"

विचारलं आणि माझं मलाच ऐकवेना. माझी पोरगी तिसरीत शिकते, आणि तिची शाळा कधी सुटते ते मला माहीत नव्हतं. मला तिचा फक्त रविवार माहीत होता.

मिस अर्लीनने टोमणा मारला नाही. मारायला हवा होता, मला तो हवा होता.

"तीनला," ती म्हणाली. "पण तू आधीच जाऊन उभा राहा. फाटकासमोर, तिला दिसशील असा. आई गेल्यापासून तिला बाहेर पडल्यावर आपलं माणूस दिसलं नाही, की ती तिथेच उभी राहते. हलत नाही जागेवरून."